२०२५ च्या विमान-बातम्या कशा वाचायच्या: सल्ला कुठला, आदेश कुठला

बडोद्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "वर्षभर विमानांबद्दल रोज काहीतरी छापून आलं. अहमदाबादचा अपघात, एअरबसचं सॉफ्टवेअर, डिसेंबरात रद्द झालेली उड्डाणं, मिग-२१ चा निरोप, तेजसचा उशीर, आणि आपल्या गावातला सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा कारखाना. या सगळ्यात काही धागा आहे का? आणि बारावी झालेल्या मुलाने या कारखान्याकडे बघून एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं शिक्षण, करावं का?"

धागा आहे. तो आकाशात नाही, कागदपत्रांत आहे. विमानाच्या धंद्यात बहुतेक बिघाडांची चाहूल आधीच कुठल्यातरी कागदावर उमटलेली असते. तो कागद सल्ल्याचा होता की आदेशाचा, त्याला मुदत होती का, आणि मुदतीत काम झालं का, एवढं पाहिलं की निम्मी बातमी उलगडते.

आधी कागदांची उतरंड सांगतो. विमान बनवणारी कंपनी सर्व्हिस लेटर काढते, म्हणजे 'असं आढळलंय, लक्ष असू द्या'. त्याच्या वर सर्व्हिस बुलेटिन: कुठला भाग, कसा तपासायचा, कसा बदलायचा, कुठली हत्यारं, किती मनुष्यतास. कंपनीने त्यावर 'अलर्ट' लिहिलं तरी कायद्याने ते एअरलाइनवर आपोआप बंधनकारक होत नाही. नियामकाकडूनही नुसती माहितीपत्रकं येतात, अमेरिकेचं एफएए ज्यांना एसएआयबी म्हणतं. तीही सल्ल्याचीच. सगळ्यात वर एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, आमच्या बोलीत 'एडी'. त्यात मुदत असते: इतके उड्डाणतास, इतकी उड्डाण-चक्रं (एकदा उडून उतरलं की एक चक्र), इतके दिवस, किंवा थेट 'पुढच्या उड्डाणाआधी'. मुदत टळली की ते विमान उडण्यालायक राहत नाही, मग ते दिसायला कितीही ठणठणीत असो. ज्या देशात विमानाचा आराखडा मंजूर झाला त्या देशाचं एडी आपल्याकडेही पाळावं लागतं.

आता १२ जून. एअर इंडियाचं १७१, बोईंग ७८७-८, अहमदाबादहून लंडन. विमानातल्या २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९, मिळून २६० माणसं गेली. अपघात तपास विभागाचा, म्हणजे एएआयबीचा, प्राथमिक अहवाल बरोबर महिन्याने आला. त्यातली वेळ भारतीय घड्याळात मांडली तर अशी: दुपारी १ वाजून ३८ मिनिटं ४२ सेकंदांच्या सुमारास वेग १८० नॉट झाला आणि लगोलग दोन्ही इंजिनांचे फ्युएल कंट्रोल स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले. ५२ व्या सेकंदाला पहिल्या इंजिनाचा स्विच पुन्हा 'रन'वर आला, ५६ व्या सेकंदाला दुसऱ्याचा. १ वाजून ३९ मिनिटं ५ सेकंदांनी 'मेडे' ही संकटाची हाक, ११ व्या सेकंदाला नोंद थांबली. सगळं मिळून २९ सेकंद.

या स्विचबद्दल खूप गैरसमज पसरले म्हणून सविस्तर लिहितो. थ्रस्ट लिव्हरच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांच्या खाली, मागच्या बाजूला हे दोन स्विच असतात. दांडी नुसती ढकलून सरकत नाही. ती स्प्रिंगच्या विरोधात वर उचलायची, खाचेच्या उंचवट्यावरून न्यायची आणि पलीकडे सोडायची. दोन्ही कडांना धक्का लागू नये म्हणून आडव्या पट्ट्या असतात. 'कटऑफ'ला गेला की इंधनाच्या वाटेवरचे व्हॉल्व्ह बंद होतात आणि इंजिनाचा वेग लगेच पडू लागतो. पुन्हा 'रन' केलं की इंजिनाचा संगणक स्वतःच इग्निशन आणि इंधन यांचा क्रम चालू करतो. अहमदाबादला तेही झालं: दोन्ही इंजिनांचं तापमान चढलं, म्हणजे ज्वाला पेटली. पहिल्या इंजिनाची घसरण थांबून वेग वर यायला लागला होता. दुसरं पेटलं, पण त्याची घसरण थांबेना. इंजिन पेटणं वेगळं आणि त्याने विमान उचलण्याइतका जोर देणं वेगळं. या दोहोंमध्ये जो वेळ लागतो तो तेवढ्या कमी उंचीवर नव्हताच.

पोटाखालून पंखा बाहेर आलेला व्हिडिओत दिसला, त्यावरही बरंच लिहिलं गेलं. ती रॅम एअर टर्बाइन, 'रॅट'. ती वाऱ्यावर फिरून हायड्रॉलिक दाब आणि थोडी वीज देते, सुकाणू हातात राहावं म्हणून. विमानाला पुढे ढकलण्याशी तिचा काही संबंध नाही.

कागद कुठे आला? एफएएने डिसेंबर २०१८ मध्ये एक एसएआयबी काढलं होतं. काही बोईंग विमानांत या स्विचची खाच निसटलेल्या अवस्थेत आढळू शकते, तपासून घ्या, असं त्यात होतं. तपासणी अगदी साधी: विमान जमिनीवर उभं असताना दांडी न उचलता या बाजूची त्या बाजूला ढकलून पाहायची. सरकली तर स्विच बदलायचा. काही मिनिटांचं काम. पण कागद सल्ल्याचा होता, म्हणून या विमानावर ती तपासणी झालेली नव्हती, असं अहवालात नोंदलं आहे. १४ जुलैला डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान-नियामकाने, तीच तपासणी २१ जुलैपर्यंत करायला सांगितली आणि सल्ल्याचा आदेश झाला. एअर इंडियाच्या ताफ्यात खाचेत दोष सापडला नाही.

इथे सावध राहायला हवं. प्राथमिक अहवाल अपघाताचं कारण ठरवत नाही. स्विच सरकले एवढं तो सांगतो, कसे सरकले ते सांगत नाही. कॉकपिटमधलं एक वाक्य अहवालात आलं, एकाने विचारलं की तू का बंद केलंस आणि दुसरा म्हणाला मी केलं नाही, आणि तेवढ्यावरून आपल्याकडे दोन दिवसांत निकाल लावून टाकले गेले. कोण बोललं हेही अहवालात नाही. तपासाच्या कामात असल्या घाईला किंमत नसते.

याच प्रकारातली दुसरी घटना आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही, पण यंत्रकामाच्या माणसाने ती नीट वाचावी. ४ नोव्हेंबरला अमेरिकेत लुईव्हिल इथे यूपीएसच्या एमडी-११ मालवाहू विमानाचं डावं इंजिन पायलॉनसकट, म्हणजे इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या जोडासकट, धावपट्टीवरच निखळलं. पायलॉन पंखाला जिथे मागे जोडतात, तिथल्या कानांमध्ये धातूच्या थकव्याच्या भेगा सापडल्या. त्या जागेची विशेष तपासणी २८,००० आणि २९,२०० चक्रांवर लावलेली होती. विमानाची चक्रं झाली होती २१,०४३. म्हणजे कुणी तपासणी चुकवलेली नव्हती, तपासणीचा आकडाच वास्तवाच्या पुढे होता. त्या जोडातल्या बेअरिंगबद्दल बोईंगचं २०११ चं एक सर्व्हिस लेटर होतं. पुन्हा तेच, उतरंडीच्या तळातला कागद. अपघातानंतर एफएएचं तातडीचं एडी निघालं आणि एमडी-११ जमिनीवर बसली.

याच्या उलट टोकाला एअरबस ए३२० चं प्रकरण. ३० ऑक्टोबरला जेटब्लूचं कॅनकून-न्यूअर्क विमान उडता उडता आपोआप नाक खाली घालून काही क्षण घसरलं, माणसं जखमी झाली, ते टॅम्पाला उतरवलं. संशय गेला एलॅक या संगणकावर. ए३२० मध्ये उड्डाण नियंत्रणाचे सात संगणक असतात: दोन एलॅक, तीन सेक, दोन फॅक. एलॅक नाक वर-खाली करणारे शेपटीचे एलेव्हेटर आणि विमान कलवणारे पंखांचे एलेरॉन चालवतो. एलॅक बी या प्रकारात 'एल१०४' ही सॉफ्टवेअरची आवृत्ती असेल तर सूर्याकडून येणाऱ्या तीव्र किरणोत्सर्गाने स्मृतीतला एखादा बिट उलटून चुकीची आज्ञा जाऊ शकते, असा निष्कर्ष एअरबसने काढला. उंचीवर वातावरणाचं पांघरूण पातळ असल्याने असे कण जास्त लागतात, हे जुनंच ज्ञान आहे. म्हणूनच एक संगणक दुसऱ्यावर नजर ठेवतो. या आवृत्तीत ती नजर कुठेतरी कमी पडली.

२८ नोव्हेंबरला युरोपच्या नियामकाचं, ईएएसएचं, तातडीचं एडी आलं. जगभरात साधारण ६,००० विमानं. मुदत जवळपास 'पुढच्या उड्डाणाआधी'. उपाय म्हणजे सॉफ्टवेअर पुढे नेणं नव्हे, मागे नेणं: एल१०४ काढून आधीची एल१०३+ टाकायची. विमानाला वीज द्यायची, डेटा लोडर जोडायचा, एका एलॅकवर चढवायचं, मग दुसऱ्यावर, पडद्यावर सॉफ्टवेअरचा पार्ट नंबर एडीतल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवायचा, ऑपरेशनल टेस्ट घ्यायची, आणि शेवटी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद करून सही. दोन-तीन तास. जुन्या विमानांत मात्र हा डबाच बदलावा लागतो आणि तिथे सुट्या भागांची वाट बघणं आलं. यात चूक होते ती बहुधा शेवटच्या टप्प्यावर. स्टोअरमध्ये सुटा ठेवलेला एलॅक तसाच एल१०४ वर राहतो आणि महिन्याभराने दुसऱ्या बिघाडासाठी तोच विमानात बसतो. म्हणून एडीचं काम करताना विमानांबरोबर फळीवरचे सुटे डबेही मोजायचे असतात.

भारतात अशी ३३८ विमानं निघाली: इंडिगोची २००, एअर इंडियाची ११३, एअर इंडिया एक्सप्रेसची २५. ३० नोव्हेंबरपर्यंत काम आटोपलं. रात्रभर हँगरमध्ये राबलेल्या तंत्रज्ञांची बातमी कुणी केली नाही, कारण काही बिघडलं नाही.

आणि मग दोनच दिवसांनी इंडिगोची उड्डाणं कोसळली. लोकांनी दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या, पण मुळं वेगळी होती. डिसेंबरचा घोळ वैमानिकांच्या ड्युटीच्या नियमांचा, एफडीटीएलचा. तो कागद सल्ल्याचा नव्हता, नियमच होता, आणि अचानक आलेलाही नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये काढला, लांबणीवर पडला, न्यायालयात गेला, मग दोन टप्प्यांत लागू झाला: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. पहिल्या टप्प्यात साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून सलग ४८ तासांवर गेली. दुसऱ्या टप्प्यात 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहाला संपू लागली आणि रात्रीच्या ड्युटीत लँडिंग सहावरून दोनवर आली.

वाचायला एक तासाचा फरक, पण रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, करणाऱ्याच्या टेबलावर काय होतं ते बघा. समजा एक वैमानिक रात्री साडेदहाला मुंबईहून निघून बडोदा, परत मुंबई, मग आणखी एक फेरी असं करत असे. चार लँडिंग, एकच जोडी. आता मध्यरात्र त्या ड्युटीत शिरली की दोन लँडिंगनंतर जोडी बदलायची. पहाटे साडेपाचला ड्युटीवर येणारा वैमानिकही आता रात्रीच्या हिशेबात जातो, आणि सकाळची पहिली लाट तर त्याच वेळी सुटते. जी कंपनी रात्री उशिरा आणि पहाटे विमानं फिरवून स्वस्त तिकिटं देते तिला हे सगळ्यात जास्त लागणार, हे कागदावरच दिसत होतं. कॅप्टन काही महिन्याभरात तयार होत नाही. फर्स्ट ऑफिसर म्हणून वर्षं, मग अपग्रेड, मग प्रशिक्षकाबरोबरची उड्डाणं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. डीजीसीएने त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत रात्रीच्या नियमांत सूट दिली आणि सरकारने वेळापत्रक १० टक्क्यांनी कापायला लावलं. थकलेला वैमानिक हा तांत्रिक बिघाडाइतकाच बिघाड आहे, आणि म्हणून ही सूट मला रुचलेली नाही. वेळापत्रक आधीच कापलं असतं तर सूट लागलीच नसती.

हवाई हद्दीचं थोडक्यात. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली, ३० एप्रिलला आपण त्यांच्या विमानांना केली. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना वळसा पडला. इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटी थांबवावं लागलं, कारण एवढ्या वळशासाठी लागणारं इंधन घेऊन एका गल्लीची, म्हणजे आत चालायला एकच वाट असलेली छोटी विमानं तिथवर पोचत नव्हती. मे महिन्यात उत्तर-पश्चिमेचे ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. गुजरातेत भुज, जामनगर, राजकोट, पोरबंदर, कांडला, केशोद, मुंद्रा, नलिया त्यात होते, बडोदा नव्हतं.

बडोदेकरांनी खरं तर वॉशिंग्टनची घटना जास्त लक्ष देऊन वाचायला हवी, कारण आपल्या हरणीच्या धावपट्टीवर प्रवासी आणि हवाई दलाची अशी दोन्ही विमानं उतरतात. २९ जानेवारी २०२५ ला रात्री पोटोमॅक नदीवर सैन्याचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि उतरणारं सीआरजे-७०० विमान एकमेकांवर आदळलं, ६७ जण गेले. हेलिकॉप्टरच्या मार्गाला तिथे २०० फुटांची मर्यादा होती. टक्कर २७८ फुटांवर झाली. त्याहून वाईट म्हणजे हेलिकॉप्टरने मर्यादा पाळली असती, तरी ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येणाऱ्या विमानाच्या आणि त्याच्या मध्ये जेमतेम ७५ फूट उरत होते. नियंत्रक एकच, पण दोघे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, त्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हेलिकॉप्टर एडीएस-बी वर स्वतःची जागा प्रसारित करत नव्हतं. आणि कागद? ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळावर विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायक जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी सरकारी डेटामध्ये पडून होत्या. कुणी त्या एकत्र करून वाचल्या नव्हत्या. जिथे नागरी आणि लष्करी वाहतूक एकत्र चालते तिथे एक फ्रिक्वेन्सी, उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरची एकच सेटिंग आणि विमानाची ओळख कळवणारा चालू ट्रान्सपाँडर यांना पर्याय नाही.

लष्करी बाजूला येऊ. इथे उतरंड वेगळी आहे: करार, प्रमाणन, स्वीकृती. २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, १९६३ पासूनची सेवा. त्यानंतर लढाऊ स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, उरल्या २९, मंजूर ४२. आदल्याच दिवशी ९७ तेजस मार्क १ए चा ६२,३७० कोटींचा करार झाला. आधीचा ८३ विमानांचा करार २०२१ चा. दोन्ही मिळून १८० विमानं. पण मोठा आकडा बघण्यापेक्षा इंजिनाचा आकडा बघा. ८३ विमानांसाठी ९९ एफ४०४-आयएन२० इंजिनांची मागणी २०२१ मध्येच गेली होती. इंजिन बनवणाऱ्या अमेरिकेच्या जीई कंपनीची ही उत्पादन-ओळ मात्र आधीची मागणी संपल्यावर पाच वर्षं बंद पडलेली होती. बंद ओळ चालू करायची म्हणजे पुरवठादार पुन्हा उभे करणं, सुटे भाग पुन्हा प्रमाणित करणं, नवे हात तयार करणं. पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. धातूचा सांगाडा तयार ठेवून तेजस बनवणारी एचएएल काय करणार? म्हणून नोव्हेंबरात आणखी ११३ इंजिनांचा करार झाला ती बातमी मला ९७ विमानांच्या बातमीहून मोठी वाटते. नाशिकच्या ओळीवरचं पहिलं मार्क १ए १७ ऑक्टोबरला उडालं, ही आनंदाची गोष्ट. २१ नोव्हेंबरला दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळलं आणि वैमानिक गेला. त्यावर तपासाआधी काही लिहू नये.

आता आपल्या गावाचं. २४ सप्टेंबर २०२१ चा करार, २१,९३५ कोटी, ५६ सी-२९५ विमानं. १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून, ४० बडोद्यात. सोळावं विमान २ ऑगस्ट २०२५ ला सेव्हिलला सुपूर्द झालं, ठरल्या वेळेच्या आधी. कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ चं. इथलं पहिलं विमान सप्टेंबर २०२६ पासून अपेक्षित, शेवटचं ऑगस्ट २०३१ पर्यंत. ही विमानं जुन्या ॲव्ह्रो वाहतूक विमानांची जागा घेतात, आणि ज्या ११ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे ती आली ती बडोद्यातच आहे. विमान ५ ते १० टन वजन किंवा ७१ जवान नेतं, मागे उतरता दरवाजा, दोन पीडब्ल्यू१२७जी इंजिनं, प्रत्येकी सहा पात्यांचा प्रोपेलर.

'९६ टक्के काम भारतात' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते किमतीचे ९६ टक्के नव्हेत. स्पेनमध्ये एका विमानावर एअरबस जे मनुष्यतास घालते त्यातले ९६ टक्के इथे होणार, असा त्याचा अर्थ. १३,४०० हून अधिक सुटे भाग, ४,६०० उपजोडण्या, सातही मुख्य जोडण्या भारतात. इंजिन, लँडिंग गिअर, एव्हिऑनिक्स मात्र एअरबसकडून येतात आणि इथे बसवले जातात. इलेक्ट्रॉनिक युद्धाची यंत्रणा बीईएल आणि बीडीएल या आपल्या सरकारी कंपन्यांची. मोठ्या जोडण्या हैदराबादला, अंतिम जुळणी बडोद्याला.

त्या जुळणीच्या शेडमध्ये प्रत्यक्षात काय चालतं? सगळ्यात जास्त वेळ भोकं पाडण्यात आणि भरण्यात जातो. दोन भाग जिगवर, म्हणजे त्यांना नेमक्या जागी धरणाऱ्या चौकटीवर, आणायचे, लेझर ट्रॅकरने संदर्भबिंदू जुळवायचे, तात्पुरत्या पिनांनी धरायचे. दोन पृष्ठांत फट मोजायची. मर्यादेबाहेर असेल तर शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, घालायची. बोल्ट आवळून फट ओढून घेण्याचा मोह होतो, आणि तो सगळ्यात महाग पडतो: जोड दिसायला बंद होतो, पण त्यात कायमचा ताण शिल्लक राहतो आणि काही हजार चक्रांनी तिथेच भेग सुरू होते. मग आधी बारीक पायलट भोक, मग मोठं भोक, शेवटी रीमरने नेमकं माप. नंतर भाग पुन्हा वेगळे करायचे, कडांचे बर, म्हणजे भोक पाडताना उठलेले धारदार काठ, काढायचे, मधला कीस पुसायचा, सीलंट लावून परत जोडायचे. नवशिक्याला वाटतं जोडलेलं कशाला सोडायचं. पण दोन पत्र्यांत अडकलेला ॲल्युमिनियमचा कीस पृष्ठं एकमेकांवर नीट टेकू देत नाही, पत्र्यावर ओरखडे काढतो आणि पुढे गंज आणि भेग दोन्हींना जागा करून देतो. भोकाचं केंद्र कडेपासून साधारण व्यासाच्या दुप्पट आत हवं. ठोकलेल्या रिव्हेटचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्ध्या व्यासाइतकं उंच. हाय-लॉक, म्हणजे कॉलर चढवून आवळायचा बोल्ट, असेल तर कॉलरचा षट्कोन ठरलेल्या टॉर्कला आपोआप तुटतो. तो तुटला नसेल तर काम अपुरं, आणि स्पॅनरने पुढे आवळणं म्हणजे काम बिघडवणं.

सीलंटचं वेगळं सांगतो, कारण बडोद्याच्या हवेत तो मोठा विषय आहे. टाकीच्या आणि पृष्ठांच्या जोडांत पॉलिसल्फाइड सीलंट वापरतात. डब्यावर ए म्हणजे ब्रशने लावायचा, बी म्हणजे बंदुकीने ओढायचा, आणि पुढचा आकडा म्हणजे काम करायला मिळणारे तास. 'बी-२' असेल तर दोन तास, पण ते २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला. पारा साधारण साडेपाच अंश चढला की वेळ निम्मी होते. ३५ अंशांची शेड असली तर दोन तासांचं काम अर्ध्या तासात आटपावं लागेल. पावसाळ्यातली दमट हवा त्यात भर घालते, कारण आर्द्रतेनेही सीलंट लवकर आळतो. आळत आलेला सीलंट पृष्ठाला चिकटत नाही, नुसता वर बसतो. त्या दिवशी काही कळत नाही, टाकीच्या गळती-चाचणीत कळतं, आणि मग सगळं खरवडून नव्याने. म्हणून शेडचं तापमान-आर्द्रता नोंदवही, मिसळण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी आणि प्रत्येक घाण्याचा वेगळा ठेवलेला नमुना, ज्याचा कडकपणा दुसऱ्या दिवशी मोजायचा, यात हयगय चालत नाही.

वायरिंगच्या जुडग्याचं वळण जाडीच्या दहापट त्रिज्येपेक्षा कमी नको, दोन धातूंच्या जोडाचा बाँडिंग रोध काही मिलिओहमच्या आत. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती कोरलेली, पाळी संपताना एक जागा रिकामी दिसली तर विमान बंद, सगळे शोधायला. त्यानंतर यंत्रणांच्या चाचण्या, इंजिनाचं जमिनीवर चालवणं, चाचणी-उड्डाण, आणि शेवटी हवाई दलाची स्वीकृती. २०२६ मध्ये बातम्या वाचताना 'पहिलं विमान बाहेर आलं' आणि 'पहिलं विमान स्वीकारलं' यातला फरक लक्षात ठेवा. मधला काळ महिन्यांचा असतो आणि त्यात वावगं काही नाही.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सी-२९५ हे लष्करी विमान. त्याचं प्रमाणन सेमिलॅककडे, दर्जाची तपासणी डीजीएक्यूएकडे, दोन्ही संरक्षण मंत्रालयाखालच्या संस्था. डीजीसीएच्या एएमई लायसन्सची सही तिथे लागत नाही. जुळणीच्या कामाला हात लागतो तो फिटर, शीट मेटल, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या आयटीआयच्या शाखांचा, आणि डिप्लोमा किंवा बीईवाल्यांना नियोजन, टूलिंग, क्वालिटी. आपल्याच लालबागेतलं गतिशक्ती विश्वविद्यालय आणि एअरबस यांचा २०२३ मध्ये करार झाला आहे, त्या अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करा.

एएमई हा रस्ता एअरलाइन आणि दुरुस्ती-केंद्रांचा. डीजीसीएच्या सीएआर-६६ या लायसन्सच्या नियमाखाली बी१.१ म्हणजे टर्बाइन विमानांचा सांगाडा आणि इंजिन, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स. बारावीला भौतिक, रसायन, गणित हवं. सीएआर-१४७ या प्रशिक्षण-संस्थांच्या नियमाखाली मान्यता मिळालेल्या संस्थेत बी१.१ किंवा बी२ चा मूळ अभ्यासक्रम २,४०० तासांचा, त्यातले निम्म्याच्या आसपास प्रात्यक्षिकाचे. प्रत्येक मॉड्यूलला ७५ टक्के मिळाले तरच पास. शिवाय चालू विमानांवरचा दोन वर्षांचा अनुभव, आणि लायसन्स हातात आल्यावरही एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची वेगळी पात्रता, झाल्याशिवाय त्याच्यावर पूर्ण सही करता येत नाही. बारावीनंतर पाचेक वर्षं धरून चला. फी भरण्याआधी संस्थेचं मान्यतापत्र मागा आणि त्यावर नेमकी कुठली श्रेणी लिहिली आहे, मुदत केव्हा संपते, हे स्वतः वाचा. 'ए' श्रेणीची, म्हणजे ८०० तासांची मान्यता असताना माहितीपुस्तिकेत मोठ्या अक्षरांत नुसतं 'एएमई' छापलेलं असू शकतं. अनुभवाची दोन वर्षं संस्था कुठे आणि कुठल्या विमानांवर देणार, हेही लेखी घ्या.